मराठी खिळ्यांची मागणी : फादर स्टीफन्स यांच्यापासून आमच्या पुस्तिकेपर्यंत

महोत्सवाची ही पुस्तिका आज आपल्या हातीं आली आहे. मलकापुराहून कोल्हापूर सुमारें ४५ किलोमीटर. हस्तलिखित घेऊन सकाळीं निघालेला मनुष्य काम सोंपवून दिवस मावळण्यापूर्वीं घरीं परततो. पृष्ठें किती, कागद कोणता, प्रती किती, मुद्रितें कधीं मिळणार आणि विसार काय द्यावयाचा, एवढें ठरलें कीं मागणी पुरी झाली. परंतु आपल्या लिपींत पुस्तक छापून मिळावें म्हणून एका धर्मगुरूनें अशीच एक मागणी केली होती, आणि ती त्यांच्या हयातींत पुरी झाली नाहीं. ती हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हिंदुस्थानांतील पहिलें मुद्रणयंत्र १५५६ सालीं गोव्यास आलें. तें जावयाचें होतें ॲबिसिनियास. परंतु गोव्यांतच राहिलें व सेंट पॉल कॉलेजांत उभें झालें. पुढें १५७९ सालीं थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे इंग्रज तरुण गोव्यास उतरले. साष्टींत राहून त्यांनीं कोंकणी व मराठी या भाषा अशा आत्मसात केल्या कीं, सुमारें ११ हजार ओंव्यांचें ख्रिस्तपुराण त्यांच्या हातून मराठींत उतरलें.

१६०८ च्या डिसेंबरांत त्यांनीं रोमला संघाचे प्रमुख ॲक्वाविवा यांस पत्र पाठविलें. त्याचा आशय असा : या देशाच्या भाषेंत व लिपींत छापलेलीं पुस्तकें पाहण्याची आपली इच्छा फार दिवसांची आहे, मलबारांत तसें झालें असून तेथील श्रद्धावंतांस त्याचा मोठा लाभ होतो. अडचणी दोन. युरोपांत २४ ठशांनीं काम भागतें, येथें ६०० लागतील. तथापि युक्तीनें ते २०० वर आणितां येतील. दुसरी अडचण अशी कीं, प्रांताधिकाऱ्यांच्या आज्ञेवांचून व साहाय्यावांचून हें घडणें नाहीं, आणि त्यांस तर इतर कामें पुष्कळ.

ज्यानें खिळे जुळविणारा मनुष्य कामावर पाहिला आहे, त्यास पहिल्या अडचणीचें मर्म सहज कळेल. रोमन अक्षरें एकापुढें एक मांडलीं कीं शब्द होतो. आपल्या लिपींत एकाच 'क' ला काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि शिवाय जोडाक्षरें. प्रत्येकासाठीं निराळा ठसा कोरून धातु ओतावयाचा, म्हणजे खर्च आणि कारागीर हीं दोन्ही हवींत. दुसरी अडचण मात्र सर्व काळांतील आहे. मागणी योग्य, परंतु मंजुरी देणारे अन्य व्यापांत गुंतलेले!

१६१६ सालीं रायतूर येथें पुराण छापलें गेलें तें रोमन लिपींत. तीन वर्षांनीं ग्रंथकर्ते निवर्तले. १६४९ व १६५४ सालीं पुराण पुन्हा छापलें. परंतु या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध असल्याचें ज्ञात नाहीं. भाषा आपली, अक्षरें परकीं. नागरी वाचणाऱ्या मराठी मनुष्यास तें पुस्तक बंदच राहिलें. पुढें १६७४ पासून १८२१ पर्यंत गोव्यांत छपाईच झाली नाहीं.

त्याच सुमारास सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनीं ईस्ट इंडिया कंपनीमार्फत विलायतेहून मुद्रक मागविला. हेन्री हिल्स हा १६७४ सालीं आला. त्यास छापणें येत होतें, पण खिळे पाडणें येत नव्हतें. म्हणजे यंत्र आलें, माणूस आला, आणि अक्षर तेवढें राहिलें.

१८०५ सालीं श्रीरामपुरास विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण निघालें. मुंबईंत अमेरिकन मिशननें १८१७ पासून मराठी छपाई चालविली. त्याच छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं सुबक खिळे पाडले, आणि तेथेंच गणपत कृष्णाजी व जावजी दादाजी यांनीं धडे घेतले. जावजींनीं १८६४ सालीं खिळ्यांचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. तेव्हांपासून दाम मोजणाऱ्या कोणासही सुंदर मराठी अक्षर मिळूं लागलें.

तरी दाम हे मोजावेच लागतात. डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायका'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजीं निघाला. त्यास कोल्हापूरचे शाहू छत्रपति यांनीं २,५०० रुपयांचें साहाय्य केलें होतें. विचार कितीही सबळ असो, कागद, शाई व मजुरी यांचें देणें चुकत नाहीं.

आणि फादर स्टीफन्स यांची मागणी? १९०७ सालीं मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनीं पुराणाची आवृत्ति काढिली, तीही रोमन लिपींतच. नागरी आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं संपादून पुण्याच्या प्रसाद प्रकाशनातर्फे १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. पत्र गेल्यापासून ३४८ वर्षांनीं!

शेवटीं एक कबुली. कांहीं वर्षांपूर्वीं एका सणाच्या पत्रिकेचें मुद्रित मजकडे आलें असतां, घाईंत न वाचतांच मीं त्यावर सही केली. दिवंगतांच्या यादींतून एका वृद्ध मातेचें नांव गळलें. चर्चला इमारत नव्हती तेव्हां तिनेंच आपली पडवी प्रार्थनेस दिली होती. तिचा मुलगा पत्रिका हातांत घेऊन कितीतरी वेळ शोधीत उभा राहिला. मजला कांहीं बोलला नाहीं. दोष छापखान्याचा नव्हता. सही माझी होती.

या पुस्तिकेचीं मुद्रितें तिघांनीं निरनिराळीं वाचलीं, आणि नांवांची यादी नोंदवहीशीं मोठ्यानें ताडून पाहिली. त्या मातेचें नांव यादींत आरंभींच आहे. ज्या अक्षरांसाठीं एक मनुष्य वाट पाहतांच गेला, तीं आज आपणांस एका दिवसाच्या प्रवासांत मिळतात. तीं वाचून पाहण्याचा आळस तरी आपण करूं नये. तरीही चूक राहिली असल्यास वाचकांनीं कळवावें, आणि क्षमा करावी.