कंपायलरची परीक्षा

संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या आज्ञांमध्ये भाषांतर करावे लागते. हे काम कंपायलर करतो. भाषा एक, पण कंपायलर अनेक. मग एका प्रोग्रामचे सगळीकडे तेच उत्तर येईल कशावरून?

त्यासाठी प्रथम भाषेचे नियम लेखी हवेत. १९६० साली अल्गोल ६० या भाषेचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रोग्राममधील एखाद्या कृतीने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची मुभा या भाषेत होती. दर वेळी त्या कृतीतील चलांची नवी प्रत तयार होते. आतल्या भागाला त्यांपैकी नेमकी कोणती प्रत अभिप्रेत आहे, हे ओळखण्यात काही कंपायलर चुकत.

असे कच्चे कंपायलर हुडकण्यासाठी डोनाल्ड कनूथ यांनी १९६४ साली काही ओळींचा एक प्रोग्राम सुचवला. १० ही संख्या दिली की त्याचे उत्तर उणे १२१ यावे, असा त्यांचा कयास होता. खरे उत्तर उणे ६७ निघाले! प्रश्न उत्तम होता, पण परीक्षकाचे उत्तरच चुकले होते. निवाडा करायचा तो लेखी नियमांनी, परीक्षकाच्या अंदाजाने नव्हे.

व्यवहारात तर याची गरज अधिकच होती. पगारपत्रके आणि मालाच्या नोंदी यंत्र बदलले म्हणून बदलून कशा चालतील? ग्रेस हॉपर यांना १९६७ साली अमेरिकन नौदलाने पुन्हा सेवेत बोलावले. कोबोल कंपायलर प्रमाणित नियम पाळतात की नाही हे तपासणाऱ्या चाचण्या त्यांच्या देखरेखीखाली तयार झाल्या.

पण ठरावीक प्रश्नसंचात जे विचारलेच नाही, त्यातील चुका लपून राहतात. २०११ साली युटा विद्यापीठातील संशोधकांनी वेगळा मार्ग अवलंबल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचा सीस्मिथ हा प्रोग्राम सी भाषेतील नवनवे प्रोग्राम यदृच्छेने रचतो. नियमांनी ज्यांचा अर्थ मोकळा सोडला आहे, अशा रचना तो टाळतो. मग तोच प्रोग्राम अनेक कंपायलरना द्यायचा आणि उत्तरे ताडून पाहायची. उत्तरे जुळली नाहीत, तर कोणीतरी नक्की चुकले आहे. येथे उत्तरपत्रिका आधी तयार करावी लागत नाही! या पद्धतीने ३२५ हून अधिक चुका सापडल्या, त्याही रोजच्या वापरातील कंपायलरमध्ये.

मात्र सगळ्यांची उत्तरे जुळली, म्हणून ती बरोबरच आहेत असे सिद्ध होत नाही. वर्गातील सर्व मुलांनी एकच चूक केल्याचे आपण शिक्षकांनी पाहिलेले असतेच.