शिरगावचे निखारे आणि व्रणाचा हिशेब

वैशाख शुद्ध पंचमीला गोव्यात डिचोलीतल्या शिरगावी लईराई देवीची जत्रा भरते. सोवळ्यात राहून व्रत केलेले धोंड हातात गोंड्यांची वेताची काठी घेऊन पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. आम्हां म्हापसेकरांना ही देवी परकी नाही. आमच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, तिची बहीण मानली जाते. शिरगावचे तेल सायबिणीला, सायबिणीची फुले देवीला, असा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

त्या श्रद्धेतच मी वाढले. पुढे नर्स झाले, ड्रेसिंगच्या खोलीत आयुष्य गेले, आणि आगीचा हिशेबही कळला. तो १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी मांडला : ४४ अंश सेल्सिअसला कातडी जळायला सुमारे ६ तास लागतात, ६० अंशांना जेमतेम ५ सेकंद. राख धरलेला निखारा उष्णता सावकाश सोडतो आणि चालत्या पावलाला क्षणभरच लागतो. उकळती पेज मात्र अंगाला चिकटून बसते.

पेजेच्या टोपात हात गेलेले एक मूल आमच्याकडे आले होते. जखम बुजली, घरचे निर्धास्त झाले, आणि मग बोटे तळव्याकडे वळू लागली. जखमेतल्या काही पेशी स्नायूंसारख्या आकसतात, हे गॅबियानी यांनी १९७१ साली दाखवले. १९९५ साली ऑल्सेन, शेरॅट आणि मैनी यांनी ते समीकरणांत बसवले. पेशी किती, त्या कोलॅजन किती विणतात, कातडे किती ओढतात, हे सारे तिथे एकाच हिशेबात येते.

जखम तीन आठवड्यांहून लांबली की जाड व्रणाचा धोका फार वाढतो. पूर्वी गॉज चिकटायचा, सोडवताना नवी कातडी त्याच्याबरोबर निघायची आणि जखम आणखी लांबायची. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग अभ्यासून २००३ साली ते काम प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नाही, सोडवताना दुखत नाही, आणि ते आपल्या परसात असते.

म्हणून सांगते, भाजल्याबरोबर तो भाग २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. शाई, टूथपेस्ट लावू नका. आणि जखम बुजली तरी बोटांचा व्यायाम आणि बोटे सरळ ठेवणारी पट्टी सोडू नका. व्रण वर्षभर, कधी त्याहूनही जास्त ओढतच राहतो.