टक्केवारी कशाची? अल्पमुदतीच्या निवासव्यवसायातील सह-यजमानाच्या मोबदल्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

घर एकाचे, पाहुणा दुसरा आणि दोघांमधील सर्व व्यवहार सांभाळणारा तिसराच, अशी व्यवस्था अल्पमुदतीच्या निवासव्यवसायात आज सर्वत्र रूढ झाली आहे. किल्ली देणे, चादरी बदलणे, रात्री-अपरात्री येणारे दूरध्वनी घेणे ही कामे करणाऱ्या या तिसऱ्या व्यक्तीला 'सह-यजमान' असे संबोधले जाते. तिचा वाजवी मोबदला किती असावा, याची चर्चा बहुधा 'किती टक्के?' या प्रश्नापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. इतिहासाच्या दृष्टीने पाहता त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ती टक्केवारी कशाची?

पाहुण्याचा दर आणि कायदा :

भारतात उतारूंच्या निवासाचे नियमन नवे नाही. १८६७ च्या सराई कायद्याने सराई चालविणाऱ्यास आकारणीचा तक्ता दर्शनी जागी लावणे बंधनकारक करण्याची तरतूद केली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई प्रांतात झालेल्या भाडेनियंत्रण कायद्याच्या शीर्षकातच 'हॉटेल व लॉजिंग हाउस' यांच्या दरांचा उल्लेख होता आणि नियंत्रकास 'वाजवी दर' ठरविण्याचा अधिकार होता. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा अमलात आला, तेव्हा शीर्षकातील तो उल्लेखही गेला. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेत तर मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावे, अशी अट घालण्यात आली. म्हणजे तेथे तिसऱ्या व्यक्तीची गरजच गृहीत धरलेली नव्हती.

या सर्व नियमनात 'वाजवी' हा शब्द पाहुणा आणि मालक यांच्यातील व्यवहाराला लागू होता. राबणाऱ्या हाताचा हिशेब तेथे आढळत नाही. तो शोधण्यासाठी निवासव्यवसायाबाहेर, मुंबईच्या कापड गिरण्यांकडे वळावे लागते.

गिरण्यांतील कमिशनचा धडा :

एकोणिसाव्या शतकात मुंबईतील बहुतेक गिरण्यांचे व्यवस्थापन 'मॅनेजिंग एजंट' पेढ्यांकडे असे. आरंभी या एजंटांचे कमिशन उत्पादनावर, प्रत्येक पौंड सुतामागे पाव आणा, असे ठरलेले असे. गिरणी नफ्यात असो वा तोट्यात, सूत निघाले की एजंटाचा पाव आणा पक्का. भागधारकांचा रोष याच पद्धतीवर होता. जमशेटजी टाटा यांनी तिच्याऐवजी नफ्यावर दहा टक्के कमिशन घेण्याची पद्धत स्वीकारली. पुढे १९३६ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात मॅनेजिंग एजंटाचा मोबदला निव्वळ नफ्याच्या टक्केवारीशी जोडण्यात आला. १९५६ च्या कायद्याने त्यावर दहा टक्क्यांची मर्यादा घातली आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच संपुष्टात आली.

या इतिहासावरून 'सह-यजमानालाही निव्वळ नफ्यावरच टक्केवारी द्यावी' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो उतावीळपणाचा ठरेल. मॅनेजिंग एजंट बलवान होता. गिरणीचा खर्च, खरेदी, विक्री सर्व त्याच्या हाती होते. सह-यजमान बहुधा गावातलाच, घर सांभाळणारा माणूस असतो. घराचे दर कोणी ठरवायचे, दुरुस्ती केव्हा करायची, हे त्याच्या हाती नसते. ज्या खर्चावर त्याचे नियंत्रण नाही, त्या खर्चाची वजावट त्याच्या मोबदल्यातून का व्हावी?

एका काल्पनिक हिशेबावरून हे स्पष्ट होईल. कोकणातील एखादे घर हंगामात महिन्याला वीस रात्री, प्रति रात्र ५,००० रुपये दराने गेले, तर जमा १,००,००० रुपये. वीस टक्के एकूण जमेवर धरले तर सह-यजमानाला २०,००० रुपये मिळतात. मध्यस्थ संस्थेचे तीन टक्के आणि वीज, धुलाई, दुरुस्ती यांचे ३०,००० रुपये वजा करून उरलेल्या ६७,००० रुपयांवर धरले, तर तीच टक्केवारी १३,४०० रुपयांवर येते. आता पावसाळा घेऊ. तीन रात्रींचे १५,००० रुपये आले आणि स्थिर खर्च १६,००० रुपये झाला, तर निव्वळ नफ्यावरील मोबदला शून्य. घर मात्र तेव्हाच अधिक सांभाळावे लागते: दारे-खिडक्या उघडून हवा खेळवावी लागते, भिंतींवरची बुरशी पुसावी लागते, कौलांतून गळणारे पाणी पाहावे लागते.

येथे १९३६ च्या त्याच तरतुदीतील, सहसा दुर्लक्षित राहणारा भाग लक्षात घेण्याजोगा आहे. नफा नसेल किंवा अपुरा असेल अशा वर्षी एजंटाला किमान मोबदला आणि त्याशिवाय कार्यालयीन भत्ता देण्याची मुभा तिने ठेवली होती. पेढी चालविणाऱ्या धनिकाच्या मंदीच्या वर्षाची काळजी कायद्याने केली. घराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्याच्या पावसाळ्याची मात्र आज कोणत्याही करारनाम्यात क्वचितच दखल असते.

पैसा कोणाच्या हाती :

भारतीय करार कायद्याने (१८७२) अभिकर्त्याला एक भक्कम संरक्षण दिले आहे. कलम २१७ नुसार मालकाच्या वतीने आलेल्या रकमेतून तो आपला खर्च व मोबदला वळता करून घेऊ शकतो. मात्र त्यासाठी पैसा त्याच्या हातून जावा लागतो. जुन्या खाणावळीच्या किंवा लॉजच्या गल्ल्यावर बसणाऱ्या व्यवस्थापकाला हा हक्क खराखुरा होता. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या संस्थांनी पैशाची वाटच बदलली. पाहुणा संस्थेला पैसे देतो, संस्था आपले शुल्क कापून ते मूळ यजमानाकडे पोहोचविते. सह-यजमानाला थेट वाटा देण्याची सोय जेथे आहे, तेथेही तो वाटा टक्केवारीत असावा की ठरावीक रकमेत, स्वच्छतेचे शुल्क त्याला द्यावे की नाही, हे मूळ यजमानच नोंदवितो. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच संस्थेने सह-यजमान शोधून देणारी स्वतंत्र व्यवस्था दहा देशांत सुरू केली. आरंभीच्या त्या दहांत भारत नव्हता.

म्हणून आपल्याकडे वाजवीपणाचा निर्णय अद्याप दोघांमधील लेखी करारावरच अवलंबून आहे, आणि अनेकदा तोही तोंडीच असतो. गिरण्यांचा अनुभव विचारात घेतला तर अशा करारात तीन रकमा वेगळ्या लिहिणे इष्ट ठरते: घर उघडे ठेवण्याबद्दल बाराही महिने मिळणारी ठरावीक रक्कम, प्रत्येक पाहुण्यानंतरच्या सफाईचा स्वतंत्र दर, आणि एकूण जमेवरील टक्केवारी. पहिल्या दोन रकमा ठरल्या की टक्केवारी वीसवरून दहावर आली तरी सह-यजमानाची तक्रार राहण्याचे कारण उरत नाही. मालकालाही हंगामात तीच रचना परवडते. टक्केवारी 'एकूण जमेवर' की 'शुल्क वजा जाता' हे दोन शब्द करारात लिहिलेले नसतील, तर पहिला वाद पहिल्याच पावसाळ्यात उभा राहतो.