कुटुंबभत्ता आणि मातेचा हक्क : ब्रिटनमधील अनुभव (१९१४–१९७९)

गरीब कुटुंबास रोख रकमेचे साहाय्य दिल्याने त्याच्या जीवनात कोणता फरक पडतो, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबाचा वाटतो. उत्पन्नात जेवढी भर पडली तेवढा अभाव कमी झाला, असे धरून पुष्कळदा विवेचन केले जाते. ह्या विवेचनाच्या मुळाशी एक समजूत दडलेली असते. ती अशी की, कुटुंब म्हणजे एकच थैली; घरात आलेला पैसा कोणाच्याही हाती पडो, तो सर्वांच्या उपयोगी सारखाच पडतो. ब्रिटनमधील कुटुंबभत्त्याचा इतिहास ह्या समजुतीची कसोटी पाहणारा आहे. त्यातील प्रमुख टप्प्यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराची १८९९ मध्ये केलेली पाहणी १९०१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शहरातील सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे तीत आढळले. परंतु ह्या आकड्याहून अधिक महत्त्वाचा होता तो दारिद्र्याच्या फेऱ्याविषयीचा निष्कर्ष. मजुराच्या आयुष्यात दारिद्र्य तीनदा येते : तो स्वतः बालक असताना, त्याची मुले लहान असताना आणि तो वृद्ध झाल्यावर. मजुरी कामाच्या मोलाने ठरते, खाणाऱ्या तोंडांच्या संख्येने नव्हे. यास्तव तिसरे-चौथे मूल जन्मास येताच पूर्वी कसेबसे पुरणारे उत्पन्न अपुरे पडते. लंडनच्या लॅम्बेथ भागातील मजूर कुटुंबांविषयी मॉड पेम्बर रीव्हज यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याच चित्राची घरातील बाजू दिसते. पती आपल्या मजुरीतून ठरावीक रक्कम पत्नीच्या हाती ठेवी. घरभाडे, कोळसा आणि दफनविम्याचा हप्ता भागल्यावर उरेल त्यात अन्न येई. कमावत्याचे पोट प्रथम भरावे, कारण त्याच्या अंगातील बळावर सर्वांचे जगणे अवलंबून, हा त्या घरांचा नियम होता. त्यात क्रौर्य नव्हते, हिशेब होता. परंतु त्या हिशेबात तूट येई ती प्रथम मातेच्या ताटात.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सैन्यात गेलेल्या पुरुषांच्या पत्नींना वियोगभत्ता मिळू लागला. त्याचा काही भाग सैनिकाच्या वेतनातून कापला जाई, उरलेला सरकार देई. आणि मुलांच्या संख्येनुसार रक्कम वाढे. लक्षावधी स्त्रियांच्या हाती, पतीच्या मर्जीचा प्रश्न न येता, दर आठवड्याला निश्चित रक्कम पडू लागली. हा अनुभव समाजाने निःशंकपणे स्वीकारला असे मात्र नाही. ह्या स्त्रिया भत्ता मद्यावर उधळतात, अशी ओरड त्याच शरद ऋतूत झाली. आणि भत्ता घेणाऱ्या स्त्रियांच्या वर्तनावर पोलिसांनी नजर ठेवावी, अशी योजनाही गृहखात्याने १९१४ च्या ऑक्टोबरात पुढे केली. सैनिक कुटुंबांच्या साहाय्याचे काम लिव्हरपूल येथे पाहणाऱ्या एलिनॉर रॅथबोन यांनी मात्र ह्या अनुभवातून निराळा निष्कर्ष काढला. कुटुंबाच्या गरजेनुसार आणि थेट मातेच्या हाती दिलेला पैसा मुलांच्या पोषणास लागतो, असे त्यांचे मत झाले. युद्धकाळात मजुरीचे दर व रोजगारही वाढले होते. म्हणून त्या काळातील सुधारणेचे सर्व श्रेय भत्त्यास देणे युक्त होणार नाही. तथापि कुटुंबभत्त्याच्या मागणीला आधारभूत असा प्रत्यक्ष दाखला ह्या युद्धाने दिला, यात संशय नाही.

रॅथबोन यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द डिसइन्हेरिटेड फॅमिली’ ह्या ग्रंथात ‘कुटुंबास पुरेशी मजुरी’ ह्या तत्त्वावरच आघात केला. पाच माणसांच्या कुटुंबास पुरेल अशी मजुरी सर्वांस दिल्यास अविवाहित पुरुषाला अस्तित्वातच नसलेल्या बायकामुलांसाठी पैसा मिळतो, आणि मोठ्या कुटुंबातील मुले उपाशीच राहतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. ह्याला विरोध दोन बाजूंनी झाला. १७९५ मध्ये बर्कशर परगण्यातील न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंड येथे भाकरीच्या भावावर व कुटुंबाच्या आकारावर आधारलेली मदत ठरविली होती. तीमुळे मजुरी घसरली आणि आळस वाढला, असा आक्षेप १८३४ च्या दारिद्र्य कायद्याच्या वेळी प्रबळ ठरला होता. त्याची स्मृती अद्याप ताजी होती. दुसरीकडे, भत्ता सुरू झाल्यास मालकांना मजुरी दाबण्यास निमित्त मिळेल, अशी भीती कामगार संघटनांतील अनेकांना वाटत होती. ही भीती निराधार म्हणता येत नाही. मजुरीची लढाई त्यांनी पुरुषाच्या खांद्यावरील कुटुंबाच्या नावानेच लढविली होती.

मार्ग मोकळा केला तो दुसऱ्या महायुद्धाने. १९४० मध्ये जॉन मेनार्ड केन्स यांनी युद्धखर्चाविषयीच्या योजनेत मुलांसाठी भत्ता सुचविला. सरसकट मजुरीवाढीपेक्षा तो स्वस्त होता आणि चलनवाढीस आळा घालण्यासही उपयोगी होता. डिसेंबर १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने तो सामाजिक सुरक्षेचा पाया मानला. म्हणजे राज्यकर्त्यांना भत्ता पटला तो केवळ बालकांच्या कळवळ्याने नव्हे; हिशेबाचा वाटा त्यात मोठा होता. १९४५ च्या विधेयकाच्या मूळ मसुद्यात तर भत्त्यावर पित्याचा हक्क मानलेला होता. ज्या योजनेसाठी पाव शतकाहून अधिक काळ खर्ची घातला तिच्याविरुद्ध मत देण्याची तयारी रॅथबोन यांनी ह्या मुद्द्यावर दर्शविली. अखेर सदस्यांस मतस्वातंत्र्य दिले गेले आणि मातेचा हक्क मान्य झाला. मंगळवार, ६ ऑगस्ट १९४६ रोजी पहिले वाटप झाले. ते पाहण्यास रॅथबोन नव्हत्या. त्याच वर्षी २ जानेवारीला त्यांचे निधन झाले होते.

भत्ता तुटपुंजा होता. बेव्हरिज यांनी आठवड्याला आठ शिलिंग सुचविले असता प्रत्यक्षात पाच शिलिंग मिळाले, आणि तेही दुसऱ्या अपत्यापासून पुढे. उरलेली भरपाई शाळेतील भोजन व दूध ह्या रूपाने व्हावयाची होती. तरीही पोस्टाच्या खिडकीवर दर आठवड्याला नियमितपणे मिळणाऱ्या ह्या रकमेचे मोल तिच्या आकाराहून मोठे होते. मजुरी थांबली, पती आजारी पडला, किंवा त्याने हात आखडता घेतला, तरी ती येतच राही.

पैसा कोणाच्या हाती पडतो ह्याने खरोखर फरक पडतो काय, ह्याचे मोजता येण्याजोगे उत्तर पुढील पिढीत मिळाले. १९७५ च्या कायद्यान्वये कुटुंबभत्ता आणि मुलांसाठीची आयकर सवलत एकत्र करून ‘बालसाहाय्य’ सुरू करावयाचे ठरले. सवलत पित्याच्या वेतनात दिसे; नवे साहाय्य मातेकडे जाणार होते. पुरुषांच्या हाती येणारे वेतन घटेल ह्या भीतीने मंत्रिमंडळाने १९७६ मध्ये योजना लांबणीवर टाकली. ही गोष्ट वृत्तपत्रांतून फुटली, क्षोभ झाला, आणि १९७७ ते १९७९ ह्या काळात योजना टप्प्याटप्प्याने अमलात आली. लुंडबर्ग, पोलक व वेल्स ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये ह्या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुषांच्या कपड्यांवरील खर्चाच्या तुलनेत स्त्रियांच्या व मुलांच्या कपड्यांवरील खर्च वाढल्याचे त्यांना आढळले. पैसा खिशातून बटव्यात गेला आणि खर्चाची दिशा पालटली. कुटुंब म्हणजे एकच थैली, हे गृहीत येथे टिकले नाही.

ह्या इतिहासाचे आपल्याकडील चर्चेलाही प्रयोजन आहे. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांच्या बँकखात्यांत दरमहा १५०० रुपये जमा करण्याची योजना सुरू झाली, तेव्हा उधळपट्टीची शंका आणि राजकीय हेतूंचा आरोप हे दोन्ही सूर ऐकू आले. ब्रिटनमधील अनुभव त्यांपैकी कोणत्याही वादाचा निकाल लावीत नाही; देश, काळ आणि योजनेची रचना भिन्न आहेत. परंतु अभ्यासकाने कोणते प्रश्न विचारावेत हे तो निश्चित दाखवितो. रक्कम किती हे तर पाहावेच. त्यासोबत ती कोणाच्या हक्काची, किती नियमित, आणि घरातील कोणाच्या ताटात तिने भर घातली, हेही तपासावे लागेल. देणाऱ्याचे हेतू संमिश्र असले तरी घेणारीच्या घरात होणारा फरक खरा असू शकतो. त्या फरकाची मोजणी मात्र घराच्या उंबरठ्याशी थांबून होणार नाही. ती आत जाऊनच केली पाहिजे.