बच्छराज ते डॉमिनार

पुण्याहून वर्ध्याला बाईकने जायचं ठरवलं की ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "कुठली घेतोयस?" मग टॉप स्पीडवर तासभर वाद. मी वर्ध्याचा, त्यामुळे मला यात थोडा इतिहासही आठवतो.

शेठ बच्छराज हे वर्ध्याचे व्यापारी. जमनालाल बजाज त्यांच्या घराण्यात दत्तक आले. जमनालालजींनी लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये दलितांना खुलं केलं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. पण १९४५ साली या घराण्याने जी कंपनी काढली तिचं नाव होतं 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन'. तीच पुढे बजाज ऑटो झाली. म्हणजे तुमच्या पल्सरच्या मुळाशी एका वर्धेकराचं नाव आहे! (बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग डिस्काउंट मिळते का?")

तिकडे १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस आणली. जवळपास लिटरभराचं इंजिन, वारा अडवणारं अख्खं फेअरिंग, आणि दिवसभर बसता येईल अशी बैठक. स्पोर्ट टूरिंग हा प्रकार बरेच जण तिच्यापासून मोजतात. त्या काळात आपल्याकडे लोक चेतकला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले होते. किती गाड्या बनवायच्या तेही सरकारी परवान्यावर. स्कूटर मिळायचीच मारामार, तिथे टूरिंग कसलं राव! पुढे २००३ ची करिझ्मा, २००७ ची पल्सर २२०... बरीच वर्षं आपण २२० सीसीच्या आसपासच घुटमळलो. डॉमिनार ४०० यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला.

असो. समृद्धी महामार्ग वर्ध्याजवळून जातो, पण दुचाकीला तिथे बंदी. म्हणजे आपण नांदेड, यवतमाळ, देवळी करत जाणार, आणि तिथे ट्रॅक्टर उलट्या बाजूनेही येतो. १४० चा स्पीड काय चाटायचाय? ९० ला दिवसभर न कुरकुरता चालणारी हवी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, म्हणून लिक्विड कूलिंग हवंच. हँडल उंच, मनगटावर भार नको. डॉमिनारची टाकी १३ लिटरची. लिटरला २७ धरले तर साडेतीनशे किलोमीटर. चालेल. वजन मात्र १८० किलोच्या वर, आणि आमच्याकडच्या काळ्या मातीत साइड स्टँड रुततो. स्टँडखाली ठेवायला एक फळीचा तुकडा सोबत घ्यावा लागणार.

मागच्या सीटचं अजून ठरत नाही. बाबांना घेऊन सेवाग्रामपर्यंत जायचंय आणि त्यांचे गुडघे दुखतात. शनिवारी टेस्ट राइड आहे. ते सध्या पुण्यातच आहेत, त्यांनाच मागे बसवणार.