कपाटातली फ्लॉपी आणि मोडीचा कागद

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या जुन्या शाळेच्या संगणक कक्षातले कपाट उघडले, तर आत एक छोटे संग्रहालयच सापडते. साडेतीन इंची फ्लॉपींचे डबे, एका कडेला लाल रेघ असलेल्या सपाट राखाडी केबल, प्रिंटरची पंचवीस पिनांची जाड केबल, गोल टोकाचा माउस, सीडींची चळत आणि तळाशी दोन-चार बंद पडलेले पेनड्राइव्ह. यातले काही टाकून द्यायला कोणी धजत नाही, कारण डब्यावर कोणाच्या तरी अक्षरात 'सहामाही परीक्षा' किंवा 'शिष्यवृत्ती यादी' असे लिहिलेले असते. पण त्या फ्लॉपीवरचे आज वाचता येईल का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला साठवणीचा सगळा इतिहास उलगडावा लागतो.

सुरुवात १९५६ पासून करू. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी दोनच महिने, सप्टेंबरमध्ये, अमेरिकेत आयबीएम कंपनीने फिरत्या चकत्यांवर माहिती साठवणारे पहिले यंत्र जाहीर केले. प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या, सुमारे एक टन वजन, आणि एवढ्या खटाटोपातून साठवण किती? सुमारे पन्नास लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रच तेवढी जागा घेते.

हातात धरून नेता येईल अशी साठवण १९७१ साली आठ इंची फ्लॉपीच्या रूपाने आली. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आणि १९८१ मध्ये साडेतीन इंची फ्लॉपी निघाली. आपल्या भागातील शिक्षकांना परिचित आहे ती ही शेवटची, '१.४४ एमबी' असे लिहिलेली. हा आकडा कुठून आला, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवता येते. चकतीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे १८ भाग आणि प्रत्येक भागात ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात. ही चकती मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला पाच फेरे घेते. एका फेऱ्यात एक मार्ग वाचून होतो असे धरले, तर १६० मार्गांना निदान ३२ सेकंद लागणारच. फ्लॉपी 'कुरकुर' करीत इतका वेळ का घेई, त्याचे कारण या गणितात आहे.

चकती पातळ पॉलिएस्टरची असून तिच्यावर चुंबकीय ऑक्साइडचा लेप असतो. ड्राइव्हचे शीर्ष या लेपाला टेकून त्यातील सूक्ष्म भागांचे चुंबकन एका किंवा दुसऱ्या दिशेने करते. मराठवाड्याचा उन्हाळा, धूळ आणि नंतरच्या पावसाळी दमटपणात चढणारी बुरशी, हे या लेपाचे शत्रू. एक भाग जरी वाचता आला नाही, तरी पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' असा प्रश्न येई. त्या काळात संगणक वापरलेल्या प्रत्येक शिक्षकाने 'रिट्राय'ची कळ आशेने अनेकदा दाबलेली आहे. संगणकाला चूक कळे कशी? प्रत्येक भागाबरोबर त्यातील मजकुरावरून काढलेला एक पडताळा-अंकही लिहिलेला असतो. वाचताना तो पुन्हा काढायचा आणि जुळतो का ते पाहायचे. ही कल्पना आपण पुढे पुन्हा भेटणार आहोत.

आता केबलकडे वळू, कारण विसरली जाते ती हीच. फ्लॉपी ड्राइव्हच्या सपाट केबलमधील काही तारांना मध्येच पीळ असे. पिळाच्या पलीकडच्या टोकाला जोडलेला ड्राइव्ह 'ए' ठरे, अलीकडचा 'बी'. लाल रेघ पहिल्या क्रमांकाची तार दाखवी. केबल उलटी लागली की ड्राइव्हचा दिवा सतत जळत राही. हार्ड डिस्कच्या केबलमध्ये आधी ४० तारा होत्या. वेग वाढला तसा एका तारेतील संकेतांचा शेजारच्या तारेत गोंधळ होऊ लागला. म्हणून टोकाला ४० पिना तशाच ठेवून केबलमध्ये तारा मात्र ८० करण्यात आल्या. वाढीव चाळीस तारा माहिती वाहत नव्हत्या. शून्य व्होल्टला जोडलेल्या त्या तारा दोन बोलक्या शेजाऱ्यांमध्ये भिंत म्हणून उभ्या होत्या.

वेग आणखी वाढल्यावर दुसरी अडचण आली. अनेक तारांतून एकाच वेळी निघालेले संकेत अगदी एकाच क्षणी पोचेनात. उपाय उफराटा वाटेल असा निघाला: तारा कमी करा आणि बिट एकामागून एक, पण फार वेगाने पाठवा. २००३ च्या सुमारास सपाट पट्टीची जागा सात जोडण्यांच्या बारीक साटा केबलने घेतली ती यामुळे. तोच विचार १९९६ मध्ये ठरलेल्या यूएसबी जोडणीत आहे. माउस, प्रिंटर, मोडेम यांच्या निरनिराळ्या जोडण्यांऐवजी एकच असावी, या कामात इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. त्यांचे शिक्षण बडोद्याचे. मूळ यूएसबीत चारच तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलमध्ये माहितीच्या दोन तारा नसतातच. मोबाइल चार्ज होतो पण संगणकाला दिसत नाही, या रोजच्या तक्रारीचे हे एक कारण आहे.

२००० साली पेनड्राइव्ह बाजारात आला. सुरुवातीचे पेनड्राइव्ह आठ एमबीचे होते. त्यामागची फ्लॅश स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. तिच्यात फिरणारे काही नाही. निरोधकाने वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे, एवढेच. पण ते इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षांत हळूहळू निसटतात आणि उष्णतेने अधिक लवकर निसटतात. मे महिन्यात तापणाऱ्या खोलीतल्या कपाटात पेनड्राइव्ह दहा वर्षे ठेवून निश्चिंत राहणे म्हणूनच बरे नव्हे.

समजा, फ्लॉपी धडधाकट आहे, ड्राइव्ह मिळाला, केबलही लागली आणि फाइल उघडली. तरीही मराठी प्रश्नपत्रिकेच्या जागी अनाकलनीय चिन्हांची रांग दिसू शकते. १९९० च्या दशकातील बहुतेक मराठी फॉन्टचे संकेत आपापले होते. एका फॉन्टमध्ये जो अंक 'क' दाखवी, तोच दुसऱ्यात वेलांटी दाखवी. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, पण ती रोजच्या वापरात यायला बराच काळ गेला. मधल्या काळात लिहिलेला मजकूर वाचायला तो विशिष्ट फॉन्टही जपलेला असावा लागतो.

म्हणजे साठवण ही एक साखळी आहे: चकती, ड्राइव्ह, केबल, प्रोग्रॅम, फॉन्ट आणि वाचणारा माणूस. शेवटच्या कडीचे महत्त्व मराठवाड्याने अलीकडेच पाहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. कागद जागेवर होते, पण अनेक नोंदी मोडीत आणि उर्दूत. त्या वाचणारी माणसे शोधावी लागली. ज्या कागदावर कुणाचा दाखला, कुणाची जमीन अवलंबून, तो डोळ्यांसमोर असूनही मुका. मोडीचा तो कागद आणि कपाटातली फ्लॉपी यांची अवस्था एकच म्हणायची.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनमध्ये १०८६ साली राजाने केलेल्या जमीन-पाहणीचे दप्तर आजही वाचता येते. तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने हजारो शाळांतील मुलांकडून आपापल्या गावाची माहिती गोळा करून ती लेसर चकत्यांवर प्रसिद्ध केली. पंधरा वर्षांच्या आत त्या चकत्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि ती माहिती सोडवून घेण्यासाठी संशोधकांना खास प्रयत्न करावे लागले. नऊशे वर्षांचे दप्तर टिकले, मुलांचे मात्र पंधरा वर्षांत अडकले.

मग टिकते काय? ज्याची वेळोवेळी नक्कल होते ते. ज्ञानेश्वरांच्या काळातील ज्ञानेश्वरीची प्रत आज उपलब्ध नाही, तरी ग्रंथ आपल्यापर्यंत आला, कारण पिढ्यान्‌पिढ्या तो लिहून घेतला गेला. नकलांमध्ये चुका शिरतात, हेही आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. फ्लॉपीच्या प्रत्येक भागामागचा पडताळा-अंक आणि नाथांचे हे काम, दोहोंमागचा हेतू एकच: नक्कल करा, पण तपासून करा.

शाळेसाठी यातून काही साध्या गोष्टी निघतात. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. नांदेड गोदावरीच्या काठी आहे. लातूरने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. घर पडते तेव्हा कपाट आणि त्यातल्या सगळ्या प्रती बरोबरच पडतात. नांदेडच्या शाळेने एक प्रत लातूरच्या मित्रशाळेत ठेवावी, लातूरने नांदेडला. दर उन्हाळी सुटीपूर्वी प्रत्येक प्रत उघडून पाहावी, मराठी मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा आणि सोबत एक छापील प्रतही ठेवावी.

विद्यार्थ्यांना एक प्रकल्पही देता येईल. कपाटातल्या प्रत्येक वस्तूपुढे पाच रकाने आखायचे: कोणत्या वर्षाची, माहिती कशाच्या रूपात (चुंबकन, खळगे की विद्युतभार), वाचायला कोणते यंत्र, कोणती केबल, कोणता फॉन्ट. चालू यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह एखाद्या दुकानात अजून मिळून जातो. फ्लॉपी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी सोनीने २०११ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर न ढकललेले बरे. त्या 'शिष्यवृत्ती यादी'त ज्यांची नावे आहेत, त्यांची मुले आज कदाचित त्याच शाळेत शिकत असतील.