कारंजाचे तूप, वर्ध्याचे गिऱ्हाईक

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) परिसरातील अन्नप्रक्रियेचा इतिहास शोधायचा तर तो रानात शोधावा लागतो. आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातले नंद गवळी पिढ्यान्‌पिढ्या गवळाऊ गाई चारत आले. बाजार लांब आणि दूध काही तासांत नासणारे. म्हणून लोणी कढवून तूप करायचे, नाहीतर कढईत दूध आटवून खवा. नाशवंत माल टिकवण्याची विद्या घरच्या चुलीवरच होती. उणीव होती ती बांधलेल्या गिऱ्हाइकाची.

या उणिवेचे उत्तर जिल्ह्यातच शोधले गेले. 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत तेलघाणी, हातसडीचा तांदूळ यांवर काम केले. 1941 मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाचे काम हाती घेतले. गांधीजींच्या प्रेरणेतून उभे राहिलेले गोरस भांडार आजही गाईचे दूध आणि गोरसपाक हे तुपातले बिस्कीट विकते. हातसडीचा तांदूळ गिरणीपुढे हरला, गोरसपाक मात्र तगला. निष्ठा दोन्हीकडे सारखीच होती. पण गोरस भांडाराने शहरातले रोजचे गिऱ्हाईक धरले आणि लोक चवीसाठी मागतील अशा पदार्थात तूप घातले. माझ्या मते छोट्या अन्नव्यवसायाचा टिकाव यंत्राआधी गिऱ्हाइकाशी जोडणाऱ्या या दुव्यावर ठरतो.

यावर आक्षेप येतो, की गवळाऊ गाय एका वेतात सरासरी 600 लिटरच्या आसपास दूध देते, संकरित गाय त्याच्या कितीतरी पट; मग धंदा परवडणार कसा? लिटरच्या हिशेबात हे खरेच आहे. पण संकरित गाईचा चारा, ढेप, औषधपाणी सारे विकतचे. गवळाऊ विदर्भाच्या उन्हात चरून जगते आणि शेताला काटक बैल देते. खर्च वजा करून तुपाच्या किलोवर हिशेब मांडला, तर तफावत बरीच कमी होते. अट एकच, चराई हवी. नेमकी तीच आक्रसली आहे. जंगले राखीव झाली. शेजारचे बोरचे जंगल 1970 मध्ये अभयारण्य आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. वाघ राखायलाच हवा, पण गवळ्याला पर्यायी कुरण देणेही तितकेच गरजेचे होते. तालुक्यातच हेटीकुंडीला गवळाऊचे सरकारी पैदास केंद्र आहे. मात्र तिथला जातिवंत वळूसुद्धा गवताविना गोठा भरू शकत नाही.

2020 पासून केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान देते. ते घ्यावेच. पण 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्कही आहे. कारंजा तालुक्यातील ग्रामसभांनी नंद गवळ्यांसाठी आधी तो मागावा, खव्याच्या यंत्राचा अर्ज त्यानंतर करावा.